शलाकाची टाच

तुकोजीराव शिर्के रस्त्याने चालताना मधेच थांबायचे आणि मागे वळून बघायचे. मागे कोणी नसायचं. क्लबाच्या फाटकापासून टेनिस कोर्टापर्यंत शंभर पावलंही नसतील, पण तेवढ्यात ते दोनदा तरी वळत. आम्ही मुलं त्यांची नक्कल करायचो. एकजण पुढे चालायचा, झटकन वळायचा आणि डोळे मोठे करायचा, की बाकीचे पोट धरून हसायचे. त्या हसण्यात मीही होते. त्यांच्या वळण्याचं कारण मला कळलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि तोवर माझ्यामुळे त्यांची नोकरी गेली होती.

शिर्केसर बडोद्याच्या जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत राहत. त्यांचे आजोबा सरकारी पागेत घोडेस्वार होते. संस्थान विलीन झालं, घोडे गेले, आणि वडील कुठल्याशा कचेरीत शिपाई म्हणून लागले. तुकोजीराव एकोणिसाव्या वर्षी क्लबात मार्कर झाले. मार्कर म्हणजे ज्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळायचं, संध्याकाळी कोर्टावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, रॅकेटच्या तुटलेल्या तारा बसवायच्या. शिकवायला त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पण सभासदांची मुलं त्यांच्या मागेमागे फिरायची, आणि ती चांगली खेळू लागली, तसा हळूहळू सगळा क्लब त्यांना सर म्हणायला लागला.

१९९२-९३ च्या सुमारास बडोद्यात सगळंच बदलत होतं. सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवे कारखाने उभे राहत होते, क्लबात नवी मंडळी येत होती, दुकानांत परदेशी बूट दिसू लागले होते. कमिटीने ठरवलं, मातीची कोर्टं आता जुनी झाली. ती उखडून सिमेंटची केली, वर हिरवा रंग दिला. सरांनाही आनंद झाला. पाणी मारायला नको, रेघा ओढायला नकोत, आणि चेंडू कसा सणसणीत उसळतो! मातीवर पाय थोडा घसरतो आणि घसरता घसरता थांबतो. सिमेंटवर तो जागच्या जागी थांबतो, आणि तो सगळा हिसका घोट्याला, टाचेला बसतो. हे सरांना नंतर कळलं. त्या वर्षी मात्र ते मुलांकडून रोज तासभर जास्तच खेळून घेत होते.

त्या मुलांत शलाका होती. तिचे वडील भास्करराव खरवडकर मूळचे जळगावचे, रिफायनरीत इंजिनियर. घर गोरव्याला. घरात शुद्ध मराठी, संध्याकाळी शुभंकरोति, आणि एकुलत्या एका मुलीचं टेनिस. भास्कररावांना खेळातलं काही कळत नसे. ते सकाळी स्कूटरवरून तिला सोडायचे आणि सरांना म्हणायचे, "शिर्के, पोरगी तुमच्या ताब्यात. आम्हाला विचारूसुद्धा नका."

सर विचारायचे नाहीत.

शलाका सतरा वर्षांची झाली त्या पावसाळ्यानंतर तिची उजवी टाच दुखू लागली. टाचेमागची जी जाड नस पोटरीपर्यंत जाते, ती सकाळी इतकी आखडायची की घराचा जिना ती एका अंगाने, कठड्याला धरून उतरायची. खेळायला लागलं, अंग तापलं, की दुखणं कमी व्हायचं. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "गरम झालं की जातं ना? मग काही नाही." दिवाळीनंतर त्या नसेवर सुपारीएवढी गाठ हाताला लागू लागली. सर रोज तिळाचं तेल चोळून देत. बोटाखाली नस करकरते, हे त्यांना जाणवत होतं.

जानेवारी १९९५ मध्ये राज्य स्पर्धा बडोद्यातच होती, त्यांच्याच क्लबात. पाच दिवस आधी शलाकाला धावता येईना. सरांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. सरांनी तिला परस्पर तिकडे नेलं. भास्कररावांना सांगितलं, तपासून आणतो. डॉक्टरांनी टाचेशी इंजेक्शन दिलं. शलाका बाहेरच्या बाकावर बूट घालायला गेली, तेव्हा मधला पडदा ओढून डॉक्टर सरांना म्हणाले, "पंदर दिवस दोडवानुं नथी, शिर्केभाई. दुखावो जशे, पण नस काची रहेशे."

पंधरा दिवस धावायचं नाही. दुखणं जाईल, पण नस कच्ची राहील.

सरांनी मान हलवली. बाहेर आले. शलाकाने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं वाटेल."

बरं वाटलंच. दोन दिवसांत ती जिना धडधडत उतरू लागली. भास्करराव पेढे घेऊन आले. स्पर्धा सुरू झाली. शलाका पहिली मॅच जिंकली, दुसरी जिंकली.

उपांत्य सामना रविवारी सकाळी होता, इंजेक्शनला आठवा दिवस. शलाका दोन नंबरच्या कोर्टवर खेळत होती आणि सर तिच्या पाठीशी, बेसलाइनमागच्या जाळीला धरून उभे होते. तिसरा सेट. समोरच्या मुलीने चेंडू नेटजवळ अलगद टाकला. शलाकाने झेपावण्यासाठी उजव्या पायाने रेटा दिला आणि फट् असा आवाज झाला. बघणाऱ्यांना वाटलं, रॅकेटची तार तुटली.

शलाका पडली नाही. ती जागच्या जागी थांबली आणि गर्रकन मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. राग होता. मागे जाळीपलीकडे सर एकटेच होते. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सर, काय मारलंत मला?"

मग तिने पाय टेकवला आणि खाली बसली.

ती नस तुटते तेव्हा असंच होतं म्हणे. माणसाला वाटतं, मागून कोणीतरी लाथ मारली, दगड मारला. जगभरचे खेळाडू असे वळून बघतात, आणि मागे कोणी नसतं. सरांना हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मागे कोणी नव्हतं, असंही त्यांना कधी म्हणता आलं नाही.

त्यांनी धावत जाऊन तिला उचललं. "मुरगळलाय. काही नाही, मुरगळलाय," असं ते म्हणत राहिले. दवाखान्यात रविवारची वेळ, एकच तरुण डॉक्टर. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. शलाकाला पाऊल थोडं खालीवर करता येत होतं. सूज होती. पट्टी बांधून घरी पाठवलं. सरांनी इंजेक्शनबद्दल डॉक्टरला काही सांगितलं नाही, आणि भास्कररावांना पंधरा दिवसांबद्दल काही सांगितलं नाही.

सहा आठवडे गेले. सूज उतरली, पण शलाकाला चवड्यावर उभं राहता येईना. शेवटी कोणीतरी इंदिराबाई मोहित्यांचं नाव सुचवलं. इंदिराबाई पंचवीस वर्षं व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, देत होत्या, बोलायला फटकळ. त्यांनी शलाकाला टेबलावर पालथं झोपवलं, पावलं कडेबाहेर सोडली. डावी पोटरी मुठीत दाबली. डावं पाऊल हललं. उजवी पोटरी दाबली. उजवं पाऊल तसंच लोंबत राहिलं. त्यांनी पुन्हा दाबली. सर भिंतीशी उभे होते.

"मुरगळलाय कुणी सांगितलं?" इंदिराबाईंनी विचारलं. "नस तुटलीये. दीड महिना झाला."

ऑपरेशन झालं. तुटलेली टोकं लांब सरकली होती, दुसरीकडची नस घेऊन जोडावी लागली. शलाका चालू लागली, पण उजवं पाऊल जमिनीला रेटा देत नसे. एक पाऊल मोठं, एक छोटं. पुढच्या वर्षी भास्कररावांची पानिपतला बदली झाली. जाण्याआधी ते घडियाळी पोळात आले आणि सरांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुम्ही तिच्यासाठी फार केलंत. आमच्या नशिबात नव्हतं."

सर सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण आतून त्यांच्या पत्नी पद्माकाकू चहा घेऊन आल्या, आणि भास्करराव साखर नको म्हणाले, आणि ती वेळ गेली.

त्यानंतर ते सगळं सुरू झालं. सर कोणाच्याही पाठीमागे उभे राहीनात. शिकवताना बाजूला, दिव्याच्या खांबाशी उभे राहत. तारा बसवायचं काम त्यांनी सोडलं. जुनी तार कापताना ती सुटते आणि आवाज होतो, तो त्यांना सहन होईना. पहाटे कोर्ट उघडायला गेले की दोन नंबरच्या बेसलाइनवर एक मुलगी पाठमोरी उभी दिसे. पांढरा स्कर्ट, वेणी, उजव्या पायावर भार. ती वळेल आणि विचारेल, म्हणून सर कुलूप न काढताच थांबून राहत. उजाडलं की तिथे नुसतं हिरवं सिमेंट असे. ती मेली नव्हती. पानिपतला होती, कॉलेजात जात होती. म्हणूनच त्यांना ते जास्त भयंकर वाटे. मेलेल्या माणसासाठी निदान काही करता तरी येतं, असं ते मला एकदा म्हणाले.

चालताना मागून आवाज येई. फट्. ते वळत. पद्माकाकू विचारत, "अहो, कोण आहे मागे?"

"कोणी नाही."

"मग बघता काय?"

वर्षभराने ते इंदिराबाईंकडे गेले आणि म्हणाले, "तुम्ही पोटरी दाबून बघितलीत ना, ते मला शिकवा." इंदिराबाईंनी त्यांनाच टेबलावर पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. सरांचं पाऊल हललं. "पुन्हा दाबा," ते म्हणाले. मग परत एकदा. इंदिराबाईंनी दोन्ही वेळा दाबली. पुढे दोन वर्षं सर दर गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे जात होते. घोटा कसा बांधायचा, कुठलं दुखणं चालवून घ्यायचं, कुठलं नाही, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली कशी सोडायची, सगळं वहीत उतरवून घेतलं.

मी १९९९ मध्ये त्यांच्याकडे शिकायला लागले, तेव्हा ते असे होते. खेळ सुरू होण्याआधी आम्हा सगळ्यांना बूटमोजे काढून बाकावर बसवत आणि एकेकाचं पाऊल हातात घेऊन बघत. नव्या सभासदांना ते किळसवाणं वाटायचं. एका आईने तर कमिटीकडे तक्रार केली होती, की हा माणूस टेनिस शिकवतो की चपला विकतो.

माझ्या वडिलांचं, उदयसिंहराव मान्यांचं, गोरव्याला इंजिनियरिंगचं युनिट. व्हॉल्व्ह बनवतात. त्यांना माझ्याकडून फार अपेक्षा होत्या आणि मलाही माझ्याकडून होत्या. २००३ च्या डिसेंबरमध्ये माझ्या डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, दुखायला लागलं. उडी मारली की कळ. सरांनी अंगठ्याने तिथे दाबलं, मी ओरडले, आणि ते पांढरेफटक पडले.

"भक्ती, तू खेळायचं नाहीस."

"सर, राज्य स्पर्धा दहा दिवसांवर आहे."

"खेळायचं नाहीस."

पप्पांनी दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून आणला. काही नव्हतं. सर ऐकेनात. माझी प्रवेशिका क्लबातर्फे जायची होती, तिच्यावर त्यांची सही लागायची, ती त्यांनी केली नाही. मी घरी जाऊन रडले, जेवले नाही, आणि पप्पांना म्हणाले, हा माणूस वेडा आहे, सगळ्यांना माहीत आहे, रस्त्यात मागे वळून बघत असतो. पप्पा कमिटीचे सभासद होते. त्यांनी बैठक बोलावली. मलाही नेलं, पाय दाखवायला.

लांब टेबल होतं. सर बसले नाहीत, उभेच राहिले. पप्पा एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "साफ आहे की नाही? तुम्ही बघा सगळे."

सर म्हणाले, "तेव्हाही साफ होता."

"तेव्हा म्हणजे?"

आणि मग सरांनी सांगितलं. अगदी हळू आवाजात, टेबलाच्या कडेकडे बघत. शलाकाचं नाव, इंजेक्शन, पडदा, पंधरा दिवस. डॉक्टरांचे शब्द गुजरातीत जसेच्या तसे. आठव्या दिवशी खेळवलं, आणि नंतर दवाखान्यातही गप्प बसलो, हेसुद्धा. नऊ वर्षांत त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, पद्माकाकूंनाही नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "म्हणून सही करत नाही. तुम्हाला काय करायचं ते करा."

सेक्रेटरींनी पाणी मागवलं. पण अशी कबुली दिलेल्या माणसाच्या हाती मुलं कशी ठेवायची, असा विचार कमिटीने केला, आणि तो चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांना काढलं असं कोणी म्हटलं नाही. संक्रांतीनंतर अहमदाबादहून नवा कोच आला, एवढंच.

मी मात्र खेळले नाही. ते ऐकल्यावर पप्पांचीच हिंमत झाली नाही. त्यांनी मला अहमदाबादला नेऊन पायाचा स्कॅन केला. पावलातल्या एका लहानशा हाडाला केसासारखी चीर होती. दीड महिना प्लास्टर, पाय जमिनीला लावायचा नाही. एवढ्यावर भागलं. एक मॅच आणखी खेळले असते तर हाडाचे दोन तुकडे झाले असते, असं डॉक्टर म्हणाले.

पप्पा मला गाडीतून घडियाळी पोळाच्या तोंडाशी घेऊन गेले. तिथून मी कुबड्यांवर सरांच्या घरी गेले. रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "तुझं झालं. तिचं काय?" त्या दिवसापासून मी अधूनमधून तिथे जाऊन बसू लागले, आणि वर लिहिलंय ते सगळं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, तुकड्यातुकड्याने.

पप्पांनी कधी माफी मागितली नाही. पण त्यांचे व्हॉल्व्ह रिफायनऱ्यांना जात. त्यांनी चार ठिकाणी विचारून भास्कररावांचा पानिपतचा फोन नंबर मिळवला आणि सरांना गोरव्याच्या ऑफिसात बोलावलं. दुपार होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. पप्पांनी नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"हॅलो, भास्करराव आहेत का? मी बडोद्याहून शिर्के..." ते थांबले. मग खुर्चीवरून उठून उभे राहिले. "शलाका?"

त्यांनी तिला सांगितलं. आम्हाला सांगितलं होतं तसंच, पण डोळे मिटून. मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. "हो," म्हणाले. पुन्हा "हो." शेवटी, "नाही गं, मला माहीत नव्हतं." रिसीव्हर ठेवताना तो जागेवर बसेना. पप्पांनी उठून नीट ठेवला.

"काय म्हणाली?"

"तिनं ऐकलं होतं," सर म्हणाले. "बाकावरून. पडदाच तर होता मध्ये. मला वाटायचं, घरी मराठी बोलतात, पोरीला डॉक्टरांचं गुजराती काय कळणार. अहो, ती पहिलीपासून बडोद्याच्या शाळेत होती." ते परत खुर्चीवर बसले. "म्हणाली, मला खेळायचं होतं म्हणून मी बोलले नाही. पण भीतीही वाटत होती. रोज वाटायचं, सर नको म्हणतील. आठ दिवस वाट बघत होते, तुम्ही कधी नको म्हणता त्याची."

पप्पांना वाटलं, आता ह्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असेल. बाहेर आल्यावर तसं म्हणालेही. मला तसं वाटलं नाही. पुढच्याच आठवड्यात सरांनी मला सांगितलं, कोर्टवरची ती पाठमोरी मुलगी आता दिसत नाही. आता दुसरी दिसते. दवाखान्याच्या बाकावर बसलेली, बुटाची नाडी बांधणारी. नाडी केव्हाच बांधून झालेली असते, तरी ती मान खाली घालून बोटं हलवत राहते, कान पडद्याकडे लावून. "ती काही विचारत नाही," सर म्हणाले. "ती विचारायची तेव्हा बरं होतं."

नंतर ते रेल्वे कॉलनीच्या मैदानावर जाऊ लागले. तिथे मुली खो-खो खेळायच्या. मातीचं मैदान, खांबाला वळसा घालताना घोटे मुरगळायचे, टाचा सुजायच्या. सर बादलीत बर्फ घेऊन एका बाजूला बसत, पावलं बघत, पट्ट्या बांधत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कोणी म्हटलं नाही. २००९ च्या हिवाळ्यात ते वारले, तोवर त्यांचं हे चालू होतं. पद्माकाकू सांगतात, झोपेतही ते मान वळवायचे.

त्या मैदानावर त्यांनी एक नवी रीत सुरू केली होती. मुलीचं पाऊल तपासून झालं की तिला बाकीच्यांपासून दूर नेत आणि सरळ विचारत, "मी तुला नको म्हणावं, असं वाटतंय का तुला?" बहुतेक मुली हसत. काही चिडत. "नाही हो काका, खेळायचंय मला," म्हणून पळत. एखादी मात्र गप्प राही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात सावलीहून येणारी एक मुलगी होती, सगळ्यांत चपळ. अंतिम सामना परगावी होता, सरही संघाबरोबर गेले होते; त्या सकाळी सरांनी तिला तोच प्रश्न विचारला. ती मातीत अंगठ्याने रेघ ओढत राहिली आणि मग मान हलवली, हो अशी. सर उठले, संघाच्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, हिला मी नको म्हटलंय, तिला काही बोलू नका, मला बोला. बाई त्यांना खूप बोलल्या.

संघ एका गुणाने हरला. परतीच्या बसमध्ये त्या मुलीशेजारी कोणी बसेना, तेव्हा सर जाऊन बसले. बडोदं येईपर्यंत ते तिला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत होते, आणि ती खात होती.